चौथ्या वळणावरचा पाच

चौथ्या वळणाच्या भिंतीवर रंगवलेला पाचाचा आकडा अजून पुरता वाळला नव्हता. ओलेटा ग्रॅगने बोट लावून पाहिलं, तर बोटाला लाल डाग आला. आकडा तिच्या उंचीएवढा होता. खाली तिचं नाव आणि दोन सालं होती. पहिलं, ती एकोणीस वर्षांची असतानाचं. दुसरं, चालू.

"थडग्यावर लिहितात तसं लिहिलंय," ती म्हणाली.

"थडग्याला एवढा महाग रंग कोण लावतं, वहिनी?" हॉइट म्हणाला. तो तिच्या वारलेल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. अठ्ठावीस वर्षं तिच्या गाडीचं इंजिन त्याच्याच हाती होतं.

जुलैमध्ये दुसऱ्या वळणावर ओलेटाची गाडी उलटली होती आणि खांद्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळात गावच्या रेडिओवाल्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "कधीतरी थांबावंच लागेल." त्या 'कधीतरी'चा ट्रॅकच्या मालकाने, डेल्बर्ट सिग्मनने, 'ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार' करून टाकला. गावभर 'ओलेटाचा निरोप' असे फलक लागले. तिकिटं खपवायची युक्ती समजून तिने तिकडे लक्ष दिलं नाही. गाडी मात्र शर्यतीसाठी तयार केली. भिंतीचं तिला आज सकाळी कळलं.

भिंतीवर गेलेला आकडा या ट्रॅकवर पुन्हा धावत नसे. आधीचे चार आकडे होतेच. त्यांतल्या दोन आकड्यांचे धनी चर्चमागच्या टेकडीवरच्या दफनभूमीत निजले होते.

नोंदणीच्या खिडकीत ओपलबाई होत्या.

"पाच यादीत नाही गं, ओलेटा."

"मी आहे ना इथे."

"तू आहेस. पाच नाही. नियम माझा नाही, डेल्बर्टचा आहे."

ओलेटा खिडकीत वाकली. "एक्कावन्न कुणी घेतलाय?"

ओपलबाईंनी यादीवरून बोट फिरवलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "रिकामा आहे. पण हे तर तुझं वय!"

"सगळ्यांच्या तोंडी आहेच. आता गाडीच्या दारावरही वाचू देत."

"आकडा नवा म्हणजे नोंद नवी. सगळ्यांच्या मागे, चोविसावी उभी राहशील."

"राहीन."

हॉइटने करड्या चिकटपट्टीचं रीळ आणलं. ओलेटाने आधी पोलादी टेपने दारावरचा पाच मोजला. अठरा इंच.

"एकाला काय मोजायचं, वहिनी? सरळ रेघ तर आहे."

"वाकडी झाली तर गॅलरीतून सात दिसेल. छतावरचाही मोजा."

दुसऱ्या दाराला पट्टी लावत असताना डेल्बर्ट आला. सत्तरी ओलांडलेला, डोक्याला फेल्टची हॅट, हातात उकडलेल्या शेंगांची ओली पिशवी. तो तिच्या वडिलांचा दोस्त. तिच्या पहिल्या शर्यतीत झेंडा त्यानेच दाखवला होता. पुरुषांच्या दोन शर्यतींच्या मध्ये, लोक खायला उठले की, बायकांच्या पाच फेऱ्या व्हायच्या. ती जिंकली तर त्याने तिला फुलं दिली. पुढच्या शनिवारी ती पुरुषांच्या रांगेत येऊन उभी राहिली. त्यानंतर चौसष्ट विजय. देशभरच्या मोठ्या शर्यतींच्या साखळीत दोन मोसम. मग पुन्हा इथेच.

"पोरी, लोकांनी तिकिटं निरोपाची काढलीत."

"तू खुशाल दे निरोप. मी घेत नाही."

"कार्यक्रम सोपा आहे. एक सावकाश फेरी मारायची, हात हलवायचा, फुलं घ्यायची."

"फुलं एकदा घेतलीत मी."

डेल्बर्टने शेंग फोडली, पण खाल्ली नाही. "जुलैत तुला बाहेर काढायला पत्रा कापावा लागला. मी उभा होतो तिथे. तुझं प्रेत मला माझ्या ट्रॅकवर नको."

म्हातारा खोटं बोलत नव्हता.

"कोल्बीचं मनगट दोनदा मोडलं," ती म्हणाली. कोल्बी त्याचा पुतण्या; आज पहिल्या रांगेत होता. "त्याचा आकडा कुठल्या भिंतीवर काढलास?"

"तो तेवीस वर्षांचा आहे!"

"म्हणजे हाडाचं काही नाही. वयाचं आहे."

हॉइट हसला आणि लगेच खाली वाकून चाकाचं काहीतरी बघू लागला.

"ठीक," डेल्बर्ट चिडून म्हणाला. "शंभर फेऱ्या. पहिल्या गाडीने तुला एका फेरीने मागे टाकलं, की काळा झेंडा दाखवीन. तू आत यायचंस, माइक घ्यायचास आणि निवृत्तीचं स्वतःच्या तोंडाने सांगायचंस."

"आणि नाही टाकलं तर?"

"मग बघू."

"बघू नाही. मग वसंतात नवा मोसम सुरू झाला, की पाच माझा."

"अगं, तो रंगवलाय!"

"तू रंगवलायस," ती म्हणाली आणि हात पुढे केला. डेल्बर्टने शेंगांचा हात पँटला पुसला आणि मिळवला.

हिरवा झेंडा पडला तेव्हा ऊन कडक होतं. सगळे आतल्या कडेने धावत होते, कारण तिथे अंतर कमी. शेवटून निघालेल्या ओलेटाला पुढे गाड्यांची भिंतच लागली. सकाळपासून तापलेल्या डांबरावर टायर घसरत होते. खांदा प्रत्येक वळणाला आठवण करून देत होता. तिसाव्या फेरीला ती एकविसावी होती आणि आरशात कोल्बीची निळी गाडी दिसू लागली होती. तो पहिला होता आणि तिला मागे टाकायला येत होता.

"दहा गाड्यांचं अंतर," हॉइट रेडिओवर म्हणाला. दोन फेऱ्यांनी, "सहा."

"सावली कुठवर आली?"

"काय?"

"गॅलरीची सावली, भावजी. चौथ्या वळणावर, भिंतीपासून किती?"

"दोन गाड्या मावतील एवढी. वहिनी, तो चार गाड्यांवर आलाय, डेल्बर्टने काळा झेंडा हातात घेतलाय."

"घेऊ दे. हात दुखेल त्याचा."

ती वर, ट्रॅकच्या बाहेरच्या उंच कडेला गेली, भिंतीलगत. सावलीतलं डांबर थंड होतं आणि टायरने ते धरलं. आत लोक ब्रेक लावत होते तिथे तिला पाय अर्धाच उचलावा लागला. पण त्यासाठी भिंतीपासून चार इंचांवर राहावं लागे. तीस वर्षं ती इथूनच धावत आली होती. डेल्बर्टने आकडा मुद्दाम इथेच काढला होता, ही ओलेटाची जागा म्हणून. आकडा निवृत्त झाला आणि बाई झाली नाही, तर ती जागा वापरणारच, एवढं मात्र त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

भिंतीला पहिला स्पर्श चुकून झाला. दुसरा नाही.

चाळिसाव्या फेरीला निळी गाडी आरशात लहान झाली. साठाव्याला दिसेनाशी झाली. ओलेटा एकेक गाडी वरून गाठत होती आणि चौथ्या वळणावर प्रत्येक वेळी उजवं दार भिंतीला घासत होतं. गॅलरीतले लोक आधी ओरडत होते, मग फेऱ्या मोजू लागले. नव्वदाव्याला ती चौथी होती. शेवटच्या फेरीला कोल्बीच्या बाजूला तिच्या गाडीचं नाक पोचलं. तो अर्ध्या गाडीने जिंकला.

कोल्बी हेल्मेट काढून धावत आला. "मावशी, आणखी एक फेरी असती तर?"

"नव्हती ना. जा, तुझा चषक घे."

निवेदकाने तिच्यापुढे माइक धरला. तिने तो हातानेच डेल्बर्टकडे वळवला. "सांगायचं त्याला आहे."

डेल्बर्टने माइक घेतला नाही. तो भिंतीकडे पाहत होता. पाचाचं पोट गेलं होतं, दुसरं साल पूर्ण गेलं होतं. त्याच्या जागी करडे ओरखडे होते, आणि तिच्या उजव्या दारावर लाल रंग पसरला होता. त्याच दारावरचा चिकटपट्टीचा एक कधीच उडाला होता. त्या लाल रंगात खरवडलेला पाच तेवढा राहिला होता.

"पुन्हा रंगवावी लागणार," तो म्हणाला.

"रंगव की," ओलेटा म्हणाली आणि त्याच्या पिशवीतून मूठभर शेंगा घेतल्या. "पांढरी."