वाय-सुनची पुतणी

“अहो वाय-सुन, बसा ना! आज तुम्ही गिऱ्हाईक आहात,” वाढणारी बाई ओरडली, पण काका तोवर उठले होतेच. शेजारच्या टेबलावरच्या किटलीचं झाकण तिरकं ठेवलेलं होतं. आमच्या लिवान भागातल्या चहाघरांत झाकण तिरकं म्हणजे पाणी संपलं, ओता. तोंडाने कुणी मागत नाही. काकांनी याच चहाघरात उभं आयुष्य गरम पाणी ओतलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी तिरकं झाकण दिसलं की त्यांचे गुडघे आपोआप सरळ होत.

शेजारच्या म्हातारीने टेबलावर दोन बोटं टकटक करून आभार मानले आणि माझ्याकडे बघून विचारलं, “लेक का?”

“छे, पुतणी,” काका परत बसत म्हणाले. “लहानपणी काकाकडे राहायला आली, ती गेलीच नाही. भाडंसुद्धा देत नाही.”

“आणि हे कोंबडीचे पाय रोज कोण खाऊ घालतं?” मी म्हटलं.

“म्हणून तर ठेवून घेतलीय.”

म्हातारी खळखळून हसली. माझ्या शेजारी बसलेली आई हसली नाही. या विषयावर ती कधीच हसत नसे.

मी खरं तर काकांचीच लेक. मी जन्मले त्याच आठवड्यात ते जिन्यावरून पडले, मग तापाने फणफणले. आई माझी जन्मवेळ घेऊन देवळामागच्या गल्लीतल्या ज्योतिष्याकडे गेली. तो म्हणाला, पोरगी बापाच्या मुळावर आलीय. हिने याला बाप म्हणून हाक मारली की हा गेलाच. काका म्हणू दे, दैवाला चकवा बसेल.

आमच्याकडे यात कुणाला फार नवल वाटत नाही. समोरच्या घरातला मुलगा आपल्या आईला वहिनी म्हणायचा. शाळेतल्या नव्या बाईंचा मात्र घोटाळा झाला. शरदातल्या पौर्णिमेच्या सणाला त्यांनी मला अनाथ समजून एक गोड केक जास्तीचा दिला. काकांनी त्यातला अर्धा खाल्ला. “बिचारीला बाप नाही हो,” असं म्हणत, बोटं चाटत.

पुढे मी शिकले, ग्रंथालयात नोकरीला लागले. कुंडल्यांचं खरं-खोटं मला कळत होतं. पण खरं-खोटं करून बघायला माझ्याकडे दुसरा बाप नव्हता.

त्या दिवशी चहा संपवून आम्ही कालव्याच्या कडेने घरी आलो. दारापाशी काका म्हणाले, “उद्या जरा लवकर नीघ. खिडकीजवळचं टेबल मिळालं पाहिजे.”

दुपारी घराचा लाकडी गजांचा सरकता दरवाजा ओढता ओढता ते खाली कोसळले.

“मेंदूत रक्तस्राव झालाय,” डॉक्टर म्हणाले. “आम्ही करतोय ते करतोय. तुम्ही हाका मारत राहा. ओळखीचा आवाज कधीकधी पोचतो.”

“काका,” मी त्यांच्या कानाशी वाकले. “काका, मी आलेय.”

नळी नीट करणाऱ्या परिचारिकेने विचारलं, “यांची मुलगी कुठंय? तिला बोलवा ना.”

“मीच.”

“मग काका काय? बाबा म्हणा की!”

मी पलंगापलीकडे आईकडे पाहिलं. तिने पांघरुणावरूनच त्यांचं पाऊल घट्ट धरलं होतं. “नको गं,” ती म्हणाली. “अजून श्वास चालू आहे. नको.”

त्या एका हाकेने ते उठले असते, किंवा गेले असते. मी पुन्हा काकाच म्हटलं.

आईने घरून त्यांचा झाकणाचा मग आणला होता. त्यात तिने चहाची पत्ती घातली, गरम पाणी मात्र घातलं नाही. तो उशाशी ठेवला आणि झाकण तिरकं केलं.

“हे बघून तरी उठतील,” ती म्हणाली.

“काका,” मी म्हणत राहिले, “काका, झाकण तिरकं आहे बघा. कुणीतरी खोळंबलंय.”

मॉनिटरवरची रेघ हलत होती. पहाटे कधीतरी ती हलायची थांबली. परिचारिकेने तो मग बाजूला सारला, तेव्हा झाकण सरळ बसलं. आईने ते पुन्हा तिरकं केलं.

स्मशानात छाओझौहून आलेली मावशी माझ्याशेजारी उभी राहिली. शवपेटी भट्टीच्या दारापाशी आणली गेली. मावशीने मला कोपराने ढोसलं.

“हाक मार. पोटच्या पोराने हाक मारून सांगायचं असतं, आग आलीय म्हणून. नाहीतर जीव आतच अडकतो. आणि नातं लावून मार, म्हणजे त्याला कळेल आपल्यालाच बोलावतायत.”

मी आईकडे पाहिलं. ती खाली बघत होती. पेटी सरकू लागली, तसा तिने माझा हात धरला.

“मार,” ती म्हणाली. “आता काय व्हायचं राहिलंय?”

दार वर उचललं गेलं. आतली धग तोंडावर आली.

“का—” माझ्या तोंडून सवयीने निघालं. पेटी अर्धी आत गेली होती.

“बाबा!” मी ओरडले. “बाबा, आग आलीय! उठा, बाबा, पळा!”