तिसऱ्या फेरीआधीचा गुलाल

प्रत्येक फेरीनंतर पंचांचे गुण माइकवर सांगायचे असं ठरलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. जिल्ह्याचे चार तुकडे झाल्यावर नव्या, लहान आदिलाबादची ही पहिलीच बॉक्सिंगची निवड. जिंकणारा राज्याच्या स्पर्धेला हैदराबादला जाणार. पंच तिघे, आणि कोणता पंच कोणाचा यावरून आधीच कुजबुज. म्हणून सगळं उघड.

ह्यांचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, उस्ताद सुधाकरकाका, मूळचे कुस्तीचे. त्यांना ते पटलं नव्हतं. "खेळ संपायच्या आंधी निकाल सांगून राह्यले. हे काय झालं मंग?"

"बरंच झालं की काका. पुढं आहो हे समजलं तर उगाच मार खायचं काम नाही."

खरं कारण मी सांगितलं नाही. ह्यांच्या डाव्या डोळ्याचा पडदा सैल झाला आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितलं. ह्यांनी आमच्या गावात, बोथमध्ये, कोणाला कळू दिलं नाही. "एवढी एक निवड," म्हणाले, "मंग ग्लोव्हज तूच चुलीत घाल." मी अट घातली : पुढे असलात तर शेवटची फेरी नुसती दूर दूर राहून काढायची.

तीनपैकी पहिल्या दोन्ही फेऱ्या ह्यांनी घेतल्या. माइकवर आकडे आले, आधी तेलुगूत, मग हिंदीत : तिन्ही पंचांकडे लाल कोपरा, म्हणजे आमचे हे, दोन गुणांनी पुढे. मांडीवरच्या लेकीला मी घट्ट धरलं. सुटलो.

आणि आमच्याच माणसांनी घोळ केला. त्यांना कुस्ती माहीत. तिथे नाव पुकारलं की कुस्ती निकाली. चुलतसासरे उद्धवराव गुलालाची पिशवी घेऊनच आले होते. "जितला रे आपला महिपत!" म्हणत दोरांपाशी धावले आणि स्टुलावर बसलेल्या ह्यांच्या तोंडावर दोन्ही मुठी गुलाल उधळला.

"मामाजी, एक फेरी बाकी हाय अजून!" मी ओरडले.

"आता काऊन बाकी? सांगतलं ना त्यायनं!"

लेक सासूबाईंकडे देऊन मी कोपऱ्याशी धावले. काका पाणी मारत होते, टॉवेलने पुसत होते. डावा डोळा उघडतच नव्हता, उजवाही गळत होता. रेफ्रीने विचारलं तर हे म्हणाले, "ठीक है." घंटा झाली.

आकडे समोरच्या कोपऱ्यातल्या उटनूरच्या पोरानेही ऐकले होते. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. गुणांवर त्याच्या हाती फारसं काही उरलं नव्हतं, पाडलं तरच. ह्यांना दिसत नव्हतं त्याच बाजूने तो आत शिरू लागला. हे मागे सरत होते, पण मार कुठून येतोय तेच समजत नसल्यासारखे. एक ठोसा कानशिलावर. दुसरा थेट भुवईवर.

"काका, टॉवेल टाका. हरलो म्हणा."

"येडी झाली काय पोरी? जितून राह्यलो आपण!"

"डोळा जाईल त्यांचा. डॉक्टरनं सांगतलं हाय."

काका माझ्याकडे बघतच राहिले. मी त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि दोरांवरून आत फेकला. रेफ्री मध्ये पडला, त्याने काकांकडे पाहिलं. काकांनी मान खाली घातली. उटनूरच्या पोराचा हात वर गेला तेव्हा त्यालाही खरं वाटलं नसावं.

"जितलेली कुस्ती बाईनं घालवली!" मागून उद्धवराव. पंचांना कोणीच शिवी दिली नाही. सगळं उघड होतं ना.

हे स्टुलावर येऊन बसले. मी ओल्या पदराने डोळा पुसू लागले.

"आकडे सांगतले नसते तरी टाकला असता टॉवेल?" त्यांनी विचारलं.

"टाकला असता."

"तवा कोनाले कळलं नसतं," ते म्हणाले, "का मी जितून राह्यलो होतो."

मी त्यांचा उजवा डोळा तळहाताने झाकला आणि दुसऱ्या हाताची तीन बोटं समोर धरली.

"किती?"

ते बोलेनात. रागाने, की दिसत नाही म्हणून, मला कळेना.

"सांगा ना," मी म्हणाले. "किती ते सांगा."