मंजिष्ठी काठ आणि सत्काराची शाल

मित्रांनो, तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनाही मी पोरं म्हणेन, इतका जुना मी आहे. एका झग्याचा लोकरी काठ! इटलीतल्या, रोमनांच्याही आधीच्या एट्रुस्कन बायकांनी मंजिष्ठेनं रंगवलेले लाल धागे घेऊन, भोकांच्या छोट्या पाट्या फिरवत मला विणलं. पुढे रोमनांचा टोगा आमच्याच गोलाकार झग्यावरून बेतला गेला, पण नाव झालं त्यांचं. असो.

मालकाबरोबर मलाही पुरलं. झगा कुजला. मी काशाच्या भांड्याला चिकटलो होतो, त्याच्या गंजानं कूज रोखली, म्हणून वीतभर उरलो. आता न्यू जर्सीत, पिस्कॅटवेजवळच्या एका म्युझियममध्ये असतो. पूर्वी शाळेची मुलं काचेला नाक लावून मला बघायची. हल्ली अंधाऱ्या कप्प्यात पडून असतो. तपासणीसाठी कप्पा उघडतो तो वर्षातून एकदा, मे महिन्यात.

मला सांभाळते राधिका. तिच्यासारखे हलके हात मी दुसरे पाहिले नाहीत. यंदा तपासणीला ती एक शाल पांघरून आली, कारण खोली फार गार असते. महाराष्ट्र मंडळानं तिच्या वडिलांचा, श्रीरंगकाकांचा सत्कार केला होता, तेव्हाची ती शाल. काका गेल्यापासून ती बॅगेतच होती.

तिचा सहकारी शिव म्हणाला, "राधिका, रूल माहितीये ना? बाहेरची लोकर आधी दोन आठवडे फ्रीझरमध्ये."

"यार, बाबांच्या सत्काराची शाल आहे ही! फ्रोजन मटारासारखी कोंबू? अजून त्यांचा वास येतो हिला."

शिवनं बिचाऱ्यानं माझा कप्पा उघडून दिला. मलाही गलबलून आलं.

मग ती माझ्यावर वाकली, आणि शालीच्या दशांमधून तीन पांढऱ्या अळ्या माझ्या अंगावर पडल्या. तांदळाच्या कणीएवढ्या. कसर, मित्रांनो! लोकर खाणारी! फ्रीझरमध्ये मेली असती ती! राधिकाला दिसलं ते फक्त शालीला पडलेलं भोक.

"जुनी झाली रे," म्हणत तिनं भोकावरून हात फिरवला आणि दुसऱ्या हातानं माझा कप्पा बंद केला.

त्याला तीन आठवडे झाले. माझा एक कोपरा गेला आहे. अंधारात कुरतडल्याचा आवाज येतो, आणि मला अंग झटकताही येत नाही.

मित्रांनो, आपल्या माणसाची आठवण जिवापाड जपा, पण तिच्यापायी नियम मोडू नका. राधिकाचा माझ्यावर फार जीव आहे. पुढच्या मे महिन्यात ती कप्पा उघडेल आणि ट्रेमध्ये तिला लाल भुगा मिळेल. तो कुणामुळे झाला, हे तिला त्या क्षणी कळेल. मला ओरडता येत नाही हो. तुमच्यापैकी कुणीतरी आजच तिला फोन करा!