घोंगडीएवढा ढग

"सांगितलं तर तुमच्यातला एकपन विश्वास ठेवनार न्हाय," मी म्हणालो, तशी गणेशपुरीच्या स्टँडसमोर, काळूरामच्या टपरीवरची सगळी डोकी माझ्याकडे वळली. एक वळलं नाही. ते केसरीनाथचं, माझ्या चुलतभावाचं. भिवंडीच्या बसची वाट बघत तो कडेच्या बाकावर बसला होता, म्हणून मी आवाज मुद्दाम चढवला.

"ढग, काळूराम! घोंगडीएवढा. माझ्याच शेतावर येऊन थांबला."

"घोंगडी तुझी, का सरकारची, दौलतदादा?" काळूरामने चहा गाळता गाळता विचारलं.

हसू द्या. खरं दुखणं वेगळं होतं. आमच्या दोघांच्या शेतांत एकच बांध. त्याच्या घरावर स्लॅब आधी पडला, बोअरला पाणी त्याच्याच लागलं. लग्नाच्या पंगतीत वाढपी लाडू घेऊन आधी त्याच्याच पानाशी जातो. हे सगळं मी गिळलं. पण गेल्या ऑक्टोबरात दोन दिवस पाऊस झोडपून गेला, तेव्हा त्याचं कापलेलं भात शेतात पडून होतं. माझं मी शहाण्यासारखं आदल्याच दिवशी खळ्यावर आणून ताडपत्रीखाली झाकलेलं. गावात एवढा कोरडा दाणा कोणाकडे नव्हता.

मग तलाठी पंचनाम्याला येणार म्हणून नावं घेतली गेली. केसरीनाथचं पहिलं. माझं नाहीच.

"तुमचं कुठं काय गेलंय, काका?" पंचायतीतला शिपाई म्हणाला.

आपत्तीसुद्धा त्याच्याच वाट्याला! लोक त्याच्या घरी जाऊन हळहळत होते, त्याच्या बायकोने सगळ्यांना चहा केला. माझ्या खळ्याकडे कोणी फिरकलं नाही. मी दोन दिवस केसरीनाथकडे पाठ करून हिंडलो. त्याने हाक मारली, तर मी ओ दिली नाही.

"मंग ढगाचं काय झालं?" काळूराम.

"सांगतो ना. दुपारी कडक ऊन. मी भारे शेतात नेऊन पसरले, जरा ऊन लागावं म्हनून. तेवढ्यात वज्रेश्वरीच्या बाजूनं हा आला. बांधापलीकडं थेंब न्हाय, आनि माझ्या शेतात घोट्यापर्यंत पानी! चिमन्या बांधावर कोरड्या बसून बघत व्हत्या."

"चिमन्यांच्या पन सह्या घेतल्या का पंचनाम्याला?"

टपरी खदखदली. मीही हसलो. खरं तर पंच म्हणून सही केसरीनाथनेच केली होती. दुसऱ्या दिवशी तलाठ्याने मला चिखलात उभं करून मोबाईलवर फोटो काढला आणि शेजारचा शेतकरी म्हणून कागद त्याच्यापुढे धरला. त्याने मान वर न करता नाव लिहिलं. फसला बिचारा, असं मला तेव्हा वाटलं होतं. आठवड्याभरात माझ्या भाताला कोंब फुटले, ते बायकोने कोंबड्यांपुढे टाकले आणि दुकानातून तांदूळ आणला. पण भरपाईची यादी लागली तेव्हा माझं नाव त्याच्या नावाच्या बरोब्बर खाली होतं. ती मी तीनदा जाऊन वाचली.

"तर असा ढग!" मी मांडीवर थाप मारली. "विचारा केसरीनाथला. साक्षीदार हाय तो."

केसरीनाथने कप खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"ढग न्हवता, दादा," तो म्हणाला. "तू वढ्यावर मोटर लावली व्हतीस. मी बांधाखालीच व्हतो, कुजलेलं भात उचलत. सही केली, कारन वाटलं, यादीत नाव आलं तर माझ्याशी बोलशील."