सगळ्यात मोठा आकडा

मित्रांनो, मी एक जुना मीटर आहे. विजेचा नव्हे हं, मुठीचा. माणसाच्या हातात किती जोर आहे ते मी मोजतो. मुठीत मावेल असा लोखंडी दांडा आणि त्यावर घड्याळासारखी तबकडी, एवढाच काय तो माझा जीव. तबकडीवर दोन काटे आहेत. कुणी दांडा आवळला की दोन्ही पुढे सरकतात. मूठ सैल झाली की काळा मुकाट शून्यावर येतो, पण लाल मात्र जिथवर पोचला तिथेच ठाण मांडून बसतो. माझ्या कारागिराने मला वजनं टांगून टांगून पारखलं होतं. खोटं बोलणं मला जमतच नाही, आणि याचा मला केवढा तोरा होता!

माझी उमेदीची वर्षं एका व्यायामशाळेत गेली. तिथली पोरं दात-ओठ खाऊन मला आवळायची आणि एकमेकांना खिजवायची. तीनदा आवळायचं आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा फळ्यावर लिहायचा, असा नियम होता. तिथे तो शोभायचा. पुढे बॅटरीवर चालणारं नवं यंत्र आलं आणि मी कपाटात धूळ खात पडलो. मग कुणाला तरी दया आली आणि माझी रवानगी एका सरकारी दवाखान्यात झाली. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मागायला येणाऱ्यांची तिथे तपासणी होते. माझ्या डब्याच्या झाकणाला नियमांचा कागद चिकटवलेला होता. माझ्याबरोबर तोही तिथे गेला.

एका सकाळी लाँड्रीत इस्त्री करणारी एक बाई आली. सोबत तिची नणंद होती, तोंडाचा पट्टा सतत चालू. तिनेच डॉक्टरांना सगळं सांगितलं. वहिनीला स्नायू थकण्याचा आजार. सकाळी हात बरे असतात, पण चार भांडी घासली की बोटं, मान, पापण्या, सगळ्यांचाच संप. भाऊ सातच्या पाळीला जातो. नणंद चार महिने घरदार सोडून इथे राहिलेली, आता महिनाअखेरीस तिला परतायलाच हवं. प्रमाणपत्र मिळालं तर सरकारकडून रोज तीन तास मदतनीस मिळणार होती. नाही मिळालं तर वहिनी दिवसभर एकटी, आणि घोट पाणी द्यायलाही कुणी नाही. आजाराचं नाव सरकारी यादीत होतं, पण नुसतं नाव पुरत नाही, अपंगत्वाचे टक्के भरावे लागतात.

"प्रवासात कोसळू नये म्हणून दोन दिवस मी हिला पेलासुद्धा उचलू दिला नाही," नणंद कौतुकाने म्हणाली. दोन दिवस विसावलेली मूठ पहिल्यांदा जोरातच आवळणार. इतक्या मायेने त्या बिचारीने केवढा घोळ घालून ठेवला होता!

डॉक्टरांनी नणंदेला बाहेर बसवलं, दार लावून घेतलं आणि मला बाईच्या हातात दिलं. पूर्ण जोर लावा, चुकारपणा केला तर कळतं, असं त्यांनी बजावलं. बाई सरळमार्गी. तिने जीव तोडून आवळलं. अठ्ठावीस किलो. दुसऱ्यांदा एकोणीस. तिसऱ्यांदा तिची बोटं माझ्यावर थरथरायला लागली आणि काळा काटा कसाबसा अकराला टेकला. अहो, आजार तिथेच तर होता, त्या अकरामध्ये! पण लाल काटा अठ्ठावीसवर बसलेला. डॉक्टरांनी तोच पाहिला आणि लिहिला. मला ओरडावंसं वाटलं, पण मला कुठली वाचा?

बाईने हळूच विचारलं, "साहेब, तिसऱ्यांदाचं बघितलंत का?"

"सगळ्यात मोठा आकडाच धरायचा असतो, ताई. नियम आहे."

"मग अजून दहादा दाबू का?"

"छे, छे. उगाच तुम्हाला त्रास कशाला?" डॉक्टर म्हणाले. आणि मित्रांनो, ते अगदी मनापासून म्हणाले, हेच मला सोसत नाही. त्यांनी कागदावर 'पकड चांगली' लिहिलं आणि त्याखाली 'अपात्र'.

बाई उठली आणि दारापाशी जाऊन उभी राहिली. तशीच उभी राहिली. डॉक्टर पुढची फाईल चाळत म्हणाले, की ताई, ठरलंय ते ठरलंय, आता थांबून उपयोग नाही. ती थांबली नव्हती हो! दाराला गोल मूठ होती आणि दोन्ही हात लावूनही ती तिला फिरवता येत नव्हती. सांगायची लाज वाटली असेल. टेबलावरून मला सगळं दिसत होतं, आणि मी नुसता बघत होतो.

शेवटी नणंदेनेच बाहेरून दार उघडलं. तिने हसत विचारलं, "वहिनी, दाबलंस ना चांगलं जोर लावून?"

"हो," वहिनी म्हणाली.

मित्रांनो, मी मुठीपलीकडचं काही मोजू शकत नाही आणि जागचा हलूही शकत नाही. तुम्हाला दोन्ही जमतं. कुणी दारापाशी घुटमळताना दिसलं, तर का थांबलात म्हणून विचारत बसू नका. उठा आणि आधी दार उघडा.