चिमणीची नऊ शून्यं

तरुण पोरापोरींची व्हेप, म्हणजे ती वाफेची ई-सिगारेट, सुटावी म्हणून त्यांच्या मोबाइलवर मेसेज पाठवणारं आमचं ऑफिस. ते मेसेज मी लिहिते. खोचक काही सुचत नसलं की जिन्यात जाऊन व्हेपचेच दोन झुरके मारते, मग सुचतं. हसा, हसून घ्या.

आईला कळलं तेव्हा तिने आरडाओरडा केला नाही. गुपचूप माझाच नंबर आमच्या योजनेत नोंदवला आणि वर लाडाचं नाव दिलं, चिमणी. दुसऱ्याच दिवशी जिन्यात फोन वाजला. ‘चिमणे, वाफ तर कुकरही सोडतो. पण त्यात निदान काही शिजतं तरी.’ वाक्य माझंच! याच वाक्यावर मला बढती मिळाली होती. असा संताप झाला म्हणून सांगू.

रोज संध्याकाळी प्रश्न यायचा, ‘आज किती वेळा?’ मी बिनदिक्कत शून्य टाकायचे. दहाव्या दिवशी आमच्या समुपदेशक बाई टेबलाशी आल्या.

“ही चिमणी कोण गं? नऊ दिवस शून्य! शुक्रवारी सगळ्यांसमोर बोलवू तिला. फोन तूच कर.”

थाप उघडी पडली की नोकरी गेलीच. बाई वळताच मी चिमणीची नोंद पुसायला उघडली, तर खाली आणखी एक रकाना. घरच्या एका माणसालाही आम्ही रोज विचारतो, ‘ती म्हणते ते खरं का?’ ही शक्कलही माझीच, साफ विसरले होते.

आईची नऊ उत्तरं होती. हो, हो, हो. परवा माझ्या पँटच्या खिशात धुतली गेलेली व्हेप तिनेच चकार शब्द न काढता मोज्यांशेजारी वाळत घातली होती. त्या दिवशीही हो.

कधी कुणाशी खोटं न बोललेली माझी आई माझ्यासाठी माझ्याच ऑफिसला थापा मारत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बाई,” मी हाक मारली, “फोन नको. चिमणी इथेच बसलीय. आणि ती शून्यं सगळी खोटी आहेत.”

बाई खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या. मग म्हणाल्या, “शुक्रवारी तूच बोल. पण खरं बोल.”

संध्याकाळी घरी प्रश्न आला. मी ‘सहा’ लिहिलं. आतल्या खोलीत आईचा फोन वाजला आणि शिलाई मशीन थांबलं.

“सहा नाही, सात,” आतून आवाज आला. “सकाळचा बाथरूममधला धरला नाहीस. आज ‘नाही’ लिहू ना गं?”

“लिही,” मी म्हटलं.