पत्ता कोणी सांगितला

सर्व्हरच्या पाठीमागे दोन बारीक दिवे होते. डावा सारखा लुकलुकत होता. उजवा बराच वेळ विझलेला राही आणि मग, झोपेत कोणी हाक मारावी तसा, एकदाच उजळून मालवे. टॉर्च दातांत धरून ती वाकली आणि दोन्ही वायरींचा माग बोटाने काढत गेली. डावी वायर भिंतीतून रक्तपेढीतल्या सगळ्या संगणकांकडे जात होती. उजवी शेजारच्या कपाटातल्या पेटीत शिरत होती. त्या पेटीत रोजच्या कामाची नक्कल साठवली जाई. तिथून पुढे रस्ता नव्हता.

"दोन्ही चालू आहेत," ती टॉर्च काढून म्हणाली.

"मग दुखतंय कुठे?" दारात उभ्या असलेल्या सहकाऱ्याने विचारलं. सगळे त्याला रीस्टार्टराव म्हणत. कोणत्याही यंत्राच्या कोणत्याही दुखण्यावर त्याच्याकडे तेवढा एकच काढा होता.

दुखणं सकाळीच वाटप-खिडकीवरच्या बाईंनी ऐकवलं होतं. "साठा कधी चटकन दिसतो, कधी नुसतं चाक गरगरत बसतं. तिकडे डॉक्टर फोनवर ओरडतायत, इकडे हे रुसलंय. माझा नवरासुद्धा इतका लहरी नाही हो!"

तिला त्या ‘कधी कधी’चंच कुतूहल होतं. कायमचं बिघडलेलं यंत्र तिला सोपं वाटे.

ती स्क्रीनसमोर बसली. संगणक एकमेकांना नावाने शोधतात, आणि नावावरून पत्ता सांगायचं काम एका वेगळ्या यंत्राचं असतं. तिने त्या यंत्राला सर्व्हरचा पत्ता विचारला. दोन पत्ते आले. पुन्हा विचारलं. तेच दोन, पण क्रम उलटा. आळीपाळीने एकदा हा वर, एकदा तो. एक पत्ता डाव्या वायरीचा, दुसरा त्या बंद गल्लीचा. ज्याला दुसरा आधी मिळे, तो गल्लीच्या तोंडाशी ताटकळत उभा राही.

"हा दुसरा मी परवाच पुसला होता," रीस्टार्टराव जवळ येत म्हणाला.

"आणि मग?"

"मग खात्रीसाठी सर्व्हर रीस्टार्ट केला."

ती हसली. "आता पुन्हा कर बरं. माझ्यासमोर."

तिने नोंद पुसली, त्याने सर्व्हर बंद करून सुरू केला. पंख्याची घरघर खाली येते न येते तोच पुसलेला पत्ता यादीत परत हजर.

"भुताटकी आहे," तो म्हणाला.

"भूत कसलं. सर्व्हर स्वतःच सांगतोय. जागा झाला की दोन्ही दारांतून ओरडतो, मी इथे आहे, मी इथेही आहे."

"खोटं तर नाही ना बोलत बिचारा."

"नाही. म्हणून तर कोणाला संशय आला नाही."

एवढ्यात तिचा फोन वाजला. दादा होता.

"डोळ्यांच्या दवाखान्यातून काल आमच्याकडे फोन येऊन गेला म्हणे. घरी कोणी नव्हतं. आईची ऑपरेशनची तारीख दुसऱ्याला दिली त्यांनी. ती तुझ्याकडे आहे हे तू कळवलं नव्हतंस?"

"मला वाटलं, तू कळवलं असशील."

"ऑपरेशननंतर बरेच दिवस डोळ्यांत थेंब घालायचेत," दादा म्हणाला. "हे दोन महिने इकडे, दोन महिने तिकडे आता जमायचं नाही. काय ते ठरवू या."

"ठरवू," ती म्हणाली. ‘ठरवू’ म्हणता म्हणता दोन वर्षं गेली होती. उन्हाची खोली तिने आईसाठी रंगवून घेतली होती, पलंग भिंतीलगत सरकवला होता. आईने इथेच राहावं, हे मात्र ती कोणाशीच बोलली नव्हती.

फोन ठेवून तिने सर्व्हरमधल्या, उजवी वायर जिथे जोडली होती त्या नेटवर्क कार्डाची सेटिंग उघडली. ‘या जोडणीचा पत्ता नोंदवा’ असं म्हणणाऱ्या ओळीपुढची खूण काढली.

"कार्डच काढून टाकायचं ना सरळ!" रीस्टार्टराव म्हणाला.

"कशाला? त्याचं काम त्याला करू दे. फक्त पत्ता सांगायचा नाही."

तिने नोंद पुसली आणि स्वतःच रीस्टार्ट दिला. मग पुन्हा पुन्हा पत्ता विचारत राहिली. दर वेळी एकच उत्तर आलं. थोड्या वेळाने खिडकीवरच्या बाईंचा आवाज आला, "आला गं बाई ताळ्यावर!"

घरी आली तेव्हा आई जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत होती. दाणे दिसत नव्हते, बोटांनीच चाचपत होती. दोन-तीन जमिनीवर घरंगळले होते.

"राहू दे आई, मी करते." तिने भांडं आपल्याकडे ओढलं.

आईने रिकामे हात टेबलावर ठेवले.

"आई, दवाखान्यात दोन्ही घरचे नंबर कोणी दिले?"

"मीच. एकच दिला असता तर दुसऱ्याला वाटलं असतं."

"आणि कोणी विचारलं, कुठे असता, तर?"

"दोन्हीकडे, म्हणते. खोटं आहे का?"

मटारची शेंग तिच्या हातात तशीच राहिली. आईने कुठे राहायचं, यावर ती दादाशी फोनवर बोलली होती, जिन्यात बोलली होती, डॉक्टरांसमोरही बोलली होती. आईशी नाही. ओठांवर प्रश्न तयार होता, इथेच राहशील ना? त्यातला ‘ना’ तिने गिळला, आणि मग ‘इथेच’ही.

"तुला कुठे राहायचंय?"

आईने तिच्याकडे पाहिलं. निदान तोंड तिच्या दिशेला वळवलं. "वाईट वाटून घेशील."

"घेईन. तरी सांग."

"तुझ्याकडे काही म्हणता काही कमी नाही. पाण्याचा पेलासुद्धा तू हातात देतेस. तुझी वहिनी देत नाही. सकाळी मिठावरून सुरुवात होते आमची. ती म्हणते, आई, तुम्हाला काही कळत नाही. मी म्हणते, तुझ्या जन्माआधीपासून कळतंय. दुपारी दोघी चहा घेतो, की पुन्हा खिडकीवरून सुरू."

"माहितेय. दादा वैतागतो."

"वैतागू दे. भांड्याला भांडं लागतं ते घरात. पाहुण्यांशी कोण भांडतं?"

तिने भांडं उचललं आणि आईच्या हातांपुढे परत ठेवलं. खाली वाकून घरंगळलेले दाणे वेचले. दोन-तीन दाण्यांना लागावा त्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागला. मग दादाचा नंबर लावून फोन आईपुढे धरला.

"मी नाही सांगणार. तूच सांग."

आईने हात पुसले, फोन कानाला लावला.

"ऐक रे. मी आता कायमची तुमच्याकडे राहणार आहे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आईचा हात टेबलावरून चाचपत तिच्या मनगटापर्यंत आला आणि तिथेच थांबला. "छे रे, हिच्याशी कसलं भांडण? कधीच नाही झालं. तेच तर म्हणतेय."